दिवाण

पुनर्विकासाचं पत्र आलं त्या संध्याकाळी
टेप काढून सगळ्यात आधी मोजला तो हाच.
साडेसहा बाय चार.
धायरीच्या भाड्याच्या घरात तो मावणार नव्हता.
मावला असता तर आपण दोघं
गॅलरीत झोपलो असतो, हे म्हणाले.

कपाटाला तासात गिऱ्हाईक.
वेताची खुर्ची जिन्याखाली ठेवली
ती रात्रीतून गेली. कुणी नेली
अजून कळलेलं नाही.
दिवाणाचा फोटो भाच्याला पाठवला,
तर म्हणतो, मावशी, हा बेड आहे की सोफा?
म्हटलं, दिवाण.
असं आता काही नसतं, म्हणाला.

बुधवारी जुन्या बाजारातला माणूस आला,
बूट न काढता.
डॉक्टर पाठ ठोकतात तसं
बोटाच्या पेराने ठोकलं चारी बाजूंनी.
"प्लाय फुगलाय. चारशे. खाली आणून द्यायचा तुम्ही."
यांनी दार उघडून धरलं
आणि इतक्या अदबीने "या" म्हणाले
की तीन मजले तो माणूस
मागे न बघता उतरला.

खरी अडचण दाराचीच होती.
हा दिवाण दारातून कधी आत आलाच नव्हता.
शहाण्णवच्या मे महिन्यात
किशनाराम सुताराने तो याच खोलीत बांधला,
अठरा दिवस,
पोह्यांवरसुद्धा भुसा.
दाराची रुंदी
त्याने विचारली नाही, आम्ही सांगितली नाही.
जाण्याचा विचार तेव्हा कोण करतं.

याच्यावर नणंद सात महिने झोपली,
एक रात्र म्हणून आलेली.
याच्यावर यांची कंबर, बारावीच्या निकालानंतर
भिंतीकडे तोंड करून चार दिवस तन्वीर नावाच्या मित्राशीही
न बोलणारा आमचा कौस्तुभ.
ताटं सरकवून जागा करायची,
पुन्हा गादी घालायची.

आणि मग पद्मावतीहून शमीम तांबोळी आली.
फॉल-पिको करते. फरशीवर साड्या पसरून पसरून
गुडघे गेलेत बाईचे.
टेप तिने काढलाच नाही.
पिशवीतली कुणाची तरी साडी काढली,
झटकली, दिवाणावर आडवी टाकली.
"पन्हा बसतो, काकू. वर तीन इंच उरतात.
कात्रीला बास."

पैसे नको म्हटलं, तर उठायलाच लागली.
फुकटची वस्तू घरात रुसून बसते, म्हणाली.
शेवटी बारा साड्यांचे फॉल ठरले,
आणि मी तर
वर्षाला दोन साड्या नेसते.

तिचा भाऊ पाना-पेचकस घेऊन आला.
खडूने आकडे घातले प्रत्येक फळीवर,
स्क्रू बामच्या रिकाम्या बाटलीत.
तळफळी उलटी केली तर
पेन्सिलीतला किशनाराम:
अठ्ठ्याहत्तर गुणिले अठ्ठेचाळीस,
एक चुकलेली बेरीज, खोडलेली,
आणि कुणाचा तरी सहा आकडी फोन नंबर.
हे वाकून बघत राहिले.
मग म्हणाले, लावून बघू का?
लावला नाही.

छोट्या हत्तीत तो उभा राहून गेला.
खोलीत साडेसहा बाय चार
फरशीचा मूळ रंग उरला.
निघेपर्यंत तिथे
आमच्यापैकी कुणी पाय ठेवला नाही,
वळसा घालून जायचो, सवयीने.

परवा तिसरी साडी द्यायला गेले.
शमीमने दोन्ही बाजूंना साड्या रचलेल्या,
पोटात धाग्यांची रिळं, रंगवार.
कुणाच्या तरी लग्नाच्या शालूची घडी सरकवून
मला कडेला जागा केली.
"बसा ना, काकू. संकोच कसला?"
बसले.
उजवा कोपरा अजून कुरकुरतो.
तेल घाल म्हणणार होते, नाही म्हटलं.

नऊ बाकी आहेत.
घाई नाही.